गरमी कुठी चालली?

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, कुठलंही यंत्र दिसलं की आधी त्याच्या मागे जायचे. मागून येणाऱ्या गरम हवेत तळहात धरायचे आणि विचारायचे, "हे गरमी कुठी चालली?" मी अमरावतीहून लग्न होऊन अकोल्याला आले, तेव्हा आहेरात आलेल्या फ्रिजच्या मागे ते बराच वेळ बसून होते. मला वाटलं, फ्रिज पसंत पडला नाही.

त्यांची तुरीच्या डाळीची मिल होती. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, अर्धवट जाळून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालायचं आणि त्यातून मिलला वीज मिळायची. धुराड्यातून जाणारी गरमी त्यांनी डाळ वाळवायला वळवली. तरी उरलीच. मग एका मे महिन्यात डाळ निवडणारी शांताबाई चक्कर येऊन पडली आणि मामाजींनी जाहीर केलं, "उरल्या गरमीतून आता थंडी काढतो."

"ऊन लागलं वाटते यायले," सासूबाई म्हणाल्या.

मला मात्र राहवेना. आग देऊन गारवा मिळतो तरी कसा? मी विचारलं, तेव्हा ते खुलले. "माठ काहून थंडा राह्यते? पानी उडून जाते, जाताना गरमी घेऊन जाते. या मशीनमंदी बी पानीच उडते. फक्त उडालेलं पानी वापस आणाले आग लागते." मी त्या दिवशी माठाला दोनदा हात लावून पाहिला.

यंत्र आलं, डाळ निवडणाऱ्या बायांची खोली गार झाली. मामाजी दारात मिरवत उभे राहिले. दुपारी रिवाजाप्रमाणे जेवणाची सुटी झाली, मिल थांबली, इंजिन थांबलं आणि भर उन्हाच्या वेळी खोली पुन्हा तापली. हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं! "नुसत्या थंडीसाठी इंजिन चालू ठेवू," माझे यजमान म्हणाले. मामाजी उखडले. "डाळ वाळवाची नाही, इजेचं काम नाही, अन् इंजिन फुकून राह्यलो? तिन्ही कामं संग झाली तं फायदा." दुसऱ्या दिवसापासून मिल चालू असतानाच बाया जेवू लागल्या. हमाल आणि मामाजी मागून, ऊन कलल्यावर, बंद मिलमध्ये, घाम पुसत.

गेल्या पावसाळ्यात त्यांचं हृदय थकलं. उकाडा सोसणार नाही, खोली गारच ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. आम्ही एसी बसवला, तर मामाजी तो बंद करायला लावायचे. "मागच्या गल्लीत गरमी फेकून मी थंडा राहू? कोनाच्या कामाची हाये ते, पाह्य आधी." श्वास लागायचा, पण ऐकायचे नाहीत. मला रागही यायचा आणि रडूही.

एका ढगाळ सकाळी त्यांचा डोळा लागला, तसा मी एसी लावला आणि तासाभराने मागच्या गल्लीत गेले. एसीच्या बाहेरच्या पेटीसमोर सासूबाईंनी दोरी बांधलेली. तिच्यावर माझ्या बाळाची दुपटी फडफडत होती.

"चार दिवस झाले, काहीच वाळून नाही राह्यलं. तो एसी चालू असला का मी वाळत घालतो," त्या ओशाळून म्हणाल्या. "त्यायले सांगजो नको."

मी एक वाळलेलं, गरम दुपटं काढलं आणि तसंच मामाजींच्या तळहातावर ठेवलं. ते जागे झाले. दुपटं दाबून पाहिलं, गालाला लावलं.

"कोनं वाळवलं?"

"आईंनी. एसीच्या मागे."

ते इतकं हसले की खोकला आला. मी सवयीने एसी बंद करायला उठले, तर म्हणाले, "राहू दे आता. पोराचे कपडे वाळाचे हायेत."

त्यानंतर त्यांनी एसी कधी बंद करायला लावला नाही. दसऱ्याआधी ते गेले. त्यांच्या खोलीत आता कोणी झोपत नाही, पण मागची दोरी सासूबाई कोणाला सोडू देत नाहीत.