नाकवाले चाचा आणि पंपाचा स्विच

पंपाच्या दोन वायरी मी स्वतः, माझ्याच घरापुढच्या खळ्यात, स्वयंपाकघरातल्या सुरीने सोलून एकमेकींना पिळल्या होत्या. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. सांगितलं असतं तर नाकवाल्या चाचांचं दुकान मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात पुढेही काही वर्षं चाललं असतं.

चाचा गाड्यांचं वायरिंग करायचे आणि दोष नाकाने शोधायचे. बॉनेट उघडलं की मीटर नाही, टेस्टर नाही. आधी वाकून वास. मग तोंड असं करायचे, की जेवताना घासात केस आला असावा. "शी." एवढंच. गाडीचा मालक पांढरा पडायचा. एका जीपवाल्याला त्यांनी त्याचीच वायर हातात दिली आणि म्हणाले, "हेचो वास घे. हेच्यापेक्षा कुजलेलो बांगडो बरो." त्याने खरंच वास घेतला. चाचांसमोर नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

सगळ्यात किळस त्यांना काळ्या चिकटपट्टीची. खारी हवा पट्टीखाली शिरते, आत तांबं हिरवं होतं, वरून सगळं गुळगुळीत दिसतं, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. त्यांचा प्रत्येक जोड कथलाने डाग दिलेला, आणि वायरींचा जुडगा जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेला. त्यांचे वडील मालवणात होडीवर होते, तिथली गाठ. पट्टी लावलेली गाडी आली की आधी ती सगळी सोलून जमिनीवर टाकत आणि पायाने दूर सारत. "ह्या वायरिंग नाय, ह्या गटार आसा."

माझ्याकडे वडिलांची जुनी अँबॅसिडर होती. घराच्या चार खोल्या पर्यटकांना देत असे आणि त्यांना कणकवली स्टेशनवरून याच गाडीतून आणत असे. लोकांना मौज वाटायची. उन्हाळ्यात इंजिनावरचा जुना पेट्रोलचा पंप दगा देऊ लागला, म्हणून मागे टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवायचं ठरलं. चाचा म्हणाले, पंप बसवीन, पण स्विचशिवाय नाही. इंजिन फिरतं आहे आणि ऑइलला दाब आहे तोवरच पंपाला वीज. इंजिन बंद पडलं, की चावी चालू राहिली तरी स्विच सुटणार आणि पंप थांबणार. नाहीतर गाडी कुठे आपटली आणि नळी फुटली, तर पंप आपला पेट्रोल ओततच राहील.

काम झाल्यावर त्यांनी मला आत बसवलं, चावीला हात लावू नको म्हणाले, आणि गिअरमध्ये क्लच सोडायला लावून इंजिन मुद्दाम बंद पाडलं. मागच्या पंपाची टिकटिक थांबली. "आयकलंस? गप झालो." मग फडक्याला हात पुसत म्हणाले, "गाडी धावता ती सगळेच बघतत. थांबता कशी, ता कोण बघता?"

डिसेंबरात मालवणच्या बाजारात गर्दीत गाडी उभी राहिली, की दोन मिनिटांत बंद पडू लागली. जेट्टीसमोर एकदा पाहुण्यांनी उतरून ढकलली. त्यातल्या एकाने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि हसत मलाच दाखवलं. मी रागाने चाचांकडे गेलो. त्यांनी वास घेतला, पण या वेळी शी म्हणाले नाहीत. "स्विच खोटा बोलणा नाय रे. तुज्या इंजिनाचो जीव थकलो आसा. गरम झाला काय ऑइलाक दाब रवणा नाय, म्हणान स्विच सुटता. आधी ता बघ." इंजिन उघडायचं म्हणजे ऐन हंगामात गाडी महिनाभर बंद. मी हो हो म्हटलं, घरी आलो, आणि स्विचच वगळून पंप सरळ चावीवर घेतला. वर काळी पट्टी गुंडाळली. गाडी झकास चालू लागली. त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होतो.

पंधरा दिवसांनी एका जोडप्याला स्टेशनवर सोडायला निघालो. कट्ट्याच्या अलीकडे म्हैस आडवी आली आणि गाडी रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या कुंपणावर, गडग्यावर, आदळली. नळी फुटली, इंजिन बंद पडलं. आम्ही तिघेही धडपडत उतरलो. चावी चालूच राहिली. मागे पंपाची टिकटिक चालू होती. मला ती ऐकू येत होती. बाई पर्स घ्यायला परत आत वाकल्या तेव्हा पुढून भडका उडाला. कोपरापासून बोटांपर्यंत त्यांचा उजवा हात भाजला.

बाजार जमला. कुणीतरी विचारलं, वायरिंग कोणी केलेलं? मी म्हणालो, "चाचांनी." शब्द खोटा नव्हता. म्हणूनच त्याची जास्त किळस येते. खोटं बोललो असतो तर निदान खोटारडा म्हणून सापडलो असतो.

तिसऱ्या दिवशी चाचा जळकी गाडी बघायला माझ्या खळ्यात आले. खूप वेळ वाकून होते. मग त्यांनी तांब्याचा एक पिळलेला तुकडा चिमटीत धरून वर काढला. कथलाचा मागमूस नाही. "ह्या माजा नाय," ते म्हणाले. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "त्या बाईचो हात कसो आसा?"

पुढे रिक्षावाले वायरिंगसाठी कणकवलीला जाऊ लागले. चाचांची गाडी पेटते, असं पोरंटोरंही म्हणत. दीड वर्षात त्यांनी दुकान आवरलं आणि वेंगुर्ल्याला लेकीकडे जायचं ठरवलं. एसटी स्टँडवर गाठून मी विचारलं, चाचा, तुम्ही लोकांना का नाही सांगितलंत? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बॉनेटखाली पाहत तसं.

"सांगूचा तुया होता, मेल्या. मी सांगलंय असतंय तर ता नुसता भांडाण झाला असता."

एसटी आली. मी त्यांची पेटी वर चढवून दिली. तेवढंच केलं. स्टँडवर दहा-बारा ओळखीचे लोक उभे होते, सगळे कट्ट्याचे; तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

गेल्या पावसाळ्यात चाचा गेले. मयताला मी गेलो नाही, कुठल्या तोंडाने जाणार? हे लिहिलं म्हणून काही फिटत नाही. कट्ट्यातले रिक्षावाले हे वाचणार नाहीत. त्यांच्या स्टँडवर उभं राहून, आणि त्या बाईंना फोन करून, चाचांचं काम चोख होतं आणि ते मी बिघडवलं, एवढं मला सांगायचं आहे. ते मी अजून केलेलं नाही.