दुसऱ्या व्हायोलिनच्या बाई

मागच्या रांगेत बसण्याचा एवढा अभिमान बाळगणारं माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरं झालं नसेल. आमच्या फ्रेंच बाई शिर्डीला म्हणून निघाल्या, पुणतांब्याला उतरल्या, गोदावरीचा घाट पाहिला आणि तात्यांच्या मळ्यातली खोली भाड्याने घेऊन राहिल्याच. तिकडे फ्रान्समध्ये त्यांनी उभा जन्म मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवलं, पोरांना शिकवलं. पण वाजवलं ते कायम दुसरं व्हायोलिन. मुख्य सूर पहिल्याने धरायचा आणि दुसऱ्याने त्याला खालून आधार द्यायचा, असा तो प्रकार. "म्होरं जायला समदेच टपल्यात," बाई म्हणायच्या. मराठी त्या तात्यांच्या कारभारणीकडून शिकल्या होत्या, त्यामुळे बोलणं अस्सल मळ्यातलं.

खोलीत खाट एकच, ती व्हायोलिनला. बाई खाली चटईवर. मुंग्या चढू नयेत म्हणून खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, आणि दिवस बहात्तरच्या दुष्काळाचे. तात्या कुरकुरायचे, "आमी तोंड धुवाया पानी जपून घेतो, अन् हितं खाट पानी पिती." व्हायोलिनच्या गजाला घोड्याचे केस लागतात, हे कळल्यापासून टांगेवाले बाई दिसल्या की घोड्याची शेपटी भिंतीकडे वळवायचे.

मी साखर कारखान्यात कारकून. संध्याकाळी सायकल मारत त्यांच्या जुन्या व्हायोलिनवर शिकायला जायचो. वर्षभर नुसत्या मोकळ्या तारा घासल्यावर बाईंनी दोघांचं एक लहानसं गाणं काढलं. पहिला भाग मला, दुसरा त्यांना. जिथे माझ्या भागात थांबायचं असे, तिथे मी हमखास पुढे पळायचो. "थांबनं शिक," बाई म्हणायच्या. "वाजवाया काय, कुनीबी वाजवतं." त्यांचा राहण्याचा परवाना संपत आला होता. जाण्याआधी शाळेच्या संमेलनात हे गाणं वाजवायचं ठरलं. त्यांचे तिकडचे सगळे शिष्य शिकून पुढच्या रांगेत निघून गेले होते. बाईंच्या शेजारी उभं राहून एकानेही कधी वाजवलं नव्हतं. त्यांची हौस म्हणाल तर एवढीच.

संमेलनाच्या सकाळी कारखान्यातला एक मित्र म्हणाला, "आज बाईशेजारी गालाखाली भोपळा धरून हुबा ऱ्हानार, व्हय?" सगळे हसले आणि माझं अवसान गळालं. ड्युटी लागली असा निरोप धाडून मी घरात कडी लावून बसलो. ड्युटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तात्या भेटले. "बाईनं एकटीनंच वाजवलं. मधी मधी थांबायची, फाटकाकडं बघायची, परत वाजवायची. टाळ्या लई पडल्या, पन गानं काय ध्यानात आलं न्हाई." येणार कसं? माझी जागा मोकळी ठेवून त्यांनी फक्त दुसरा भाग वाजवला होता.

स्टेशनवर पोचवायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "ड्युटी हुती, व्हय?" मी होकाराची मान हलवली. जुनं व्हायोलिन माझ्या हातात देऊन त्या गाडीत चढल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आजही मला त्याचंच वाईट वाटतं.

आता मी निवृत्त आहे. अधूनमधून तो पहिला भाग वाजवतो. थांबायच्या जागी आता घाई होत नाही. तिथे बाईंचे सूर यायचे असतात. मी गज उचलून धरतो, मनात मोजतो आणि थांबतो.