अकरा कालवडींचं औषध

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात औषधांचं दुकान एकच, आणि ते अर्डिस टोलेफसनचं. म्हाताऱ्या पामर स्कारच्या हृदयाची झडप बदललेली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवाचून त्याचं चालणार नव्हतं, आणि दुसरं दुकान चाळीस मैलांवर. त्यामुळे दर महिन्याला त्याला अर्डिसच्याच दारात यावं लागे. अर्डिसला याचं मनापासून समाधान होतं.

१९४८च्या हिवाळ्यात ती दहा वर्षांची होती. पामरने तिच्या वडिलांना, नेल्सना, क्लोव्हरचं वाळलेलं गवत विकलं. वरून हिरवं, आतून बुरशीने काळं. कालवडींनी ते तीन आठवडे खाल्लं, आणि मग दरवर्षीप्रमाणे नेल्सनी त्यांची शिंगं कापली. एरवी थोडं रक्त येतं आणि थांबतं. त्या वर्षी थांबलंच नाही. अकराच्या अकरा कालवडी दोन दिवसांत रक्त जाऊन मेल्या. करवत आपणच खोल घातली, असं नेल्स मरेपर्यंत म्हणत राहिले. जेवताना स्वतःच्या हातांकडे बघत बसायचे. त्यांच्या मयतीला पामर आला, कॉफी प्यायला, लेफ्सेच्या दोन बटाट्याच्या पोळ्या खाल्ल्या, पण गवताबद्दल चकार शब्द काढला नाही.

औषधशास्त्र शिकताना अर्डिसला उलगडा झाला. यकृतात एक एन्झाइम असतं, ते वापरलेलं के जीवनसत्त्व पुन्हा कामाजोगं करून देतं. ते नसेल तर रक्त गोठवणारी प्रथिनं तयार होत नाहीत. सडक्या क्लोव्हरमधलं विष नेमकं त्या एन्झाइमलाच जाऊन धरतं. त्याच विषावरून शास्त्रज्ञांनी ही गोळी बेतली. बेतानं दिली तर औषध, जास्त झाली तर कालवडींसारखं मरण.

नवीन औषध समजावून सांगणं तिचं कामच होतं. पामर पहिल्यांदा आला तेव्हा तिने समजावलं.

"मिस्टर स्कार, ही गोळी कशावरून आली ठाऊक आहे? सडक्या क्लोव्हरवरून. मेलेली पहिली कालवड, डागरोस. गोठ्याच्या दाराशी पडली. दुसरी पुढच्या महिन्यात सांगते."

"हे काय बोलतेस, पोरी?"

"औषधाची माहिती देतेय."

एकदा त्याने सुनेला पाठवलं. "त्यांनाच पाठवा हो," अर्डिस गोड हसून म्हणाली, "रक्त कुठून येतंय का ते विचारायचंय." सहा महिन्यांत सहा कालवडी झाल्या. दर वेळी म्हातारा टोपी मुठीत आवळून ऐके.

सातव्या महिन्यात सून नवी चिठ्ठी ठेवून गेली. लघवीला जळजळ होते म्हणून डॉक्टरांनी सल्फाची गोळी लिहिली होती. डॉक्टर नवखे, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. रक्त पातळ करणारं औषध शरीराबाहेर काढणारं यकृतातलं दुसरं एन्झाइम ही सल्फा अडवते. मग पहिलं औषध साठत जातं, आणि रक्त थांबत नाही.

तिला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, जसा पामर बसला होता. सही डॉक्टरांची होती. "मरू दे मेल्याला," ती रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणाली. बाटली भरली, लेबल चिकटवलं. आणि मग तिला संताप आला. हा आठवड्यात मरेल, आजारच वाढला असं समजून सुखाने मरेल, आणि गावभर लोक हळहळतील! बाबांना तेवढंही मिळालं नव्हतं. तिने लेबल फाडून टाकलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

चार दिवसांनी पामर नेहमीच्या गोळ्या न्यायला आला.

"डॉक्टर म्हणाले, तू नसतीस तर मी गेलोच असतो. एवढा दात धरून आहेस, मग वाचवलंस कशाला?"

अर्डिस त्याच्या गोळ्या मोजत राहिली. म्हाताऱ्याने टोपी काउंटरवर ठेवली.

"गवत काळं होतं. मला माहीत होतं, अर्डिस. नेल्सच्या हातून काही चुकलं नव्हतं."

कालवडी मेल्या त्याला एकतीस वर्षं झाली होती, आणि उलगडा झाल्यापासून तिने या वाक्याची वाट पाहिली होती. आता ते कानावर आलं आणि तिचा राग तसूभरही कमी झाला नाही.

"हे त्यांना सांगायचं होतंत." तिने बाटली पुढे सरकवली. "सातवी स्टासलिन. मी तिला हाताने दूध पाजून वाढवलं होतं. अजून चार बाकी आहेत, मिस्टर स्कार. गोळ्या चुकवू नका."