जीपखाली असताना तळव्यावर पडलेले ठोके

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी टाइमपास म्हणून वाचतो. आईने दाराला लिंबू-मिरची बांधली की दोन दिवसांनी मीच ती काढून टाकतो. वय सत्तेचाळीस, नोकरी लोअर परळच्या एका ऑफिसात, दिवसभर डोळे स्क्रीनला चिकटलेले. भुताने मला गाठायचं ठरवलं तरी त्याला रविवारची अपॉइंटमेंट घ्यावी लागेल, असं मी मित्रांना सांगायचो. आणि झालंही रविवारीच... सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात.

आमची चाळ लालबागला. मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला, म्हणजे आमची खिडकी मागच्या गल्लीत उघडायची. पुढच्या अंगणातलं आमच्या खोलीतून काही दिसायचं नाही आणि ऐकूही यायचं नाही. हे सांगणं गरजेचं आहे.

चाळ पाडून टॉवर होणार म्हणून महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. सगळ्यांची बांधाबांध चालू होती. मला दोन गोष्टी हलवायच्या होत्या – जीप आणि बाबा.

जीप बाबांची. जुनी डिझेल, चारही चाकांना जोर लागणारी, कुठल्यातरी सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेली. बाबा मिलमध्ये साचेखात्यात फिटर होते, म्हणजे कापड विणायचे माग दुरुस्त करायचे. मिल बंद पडली, पण हात स्वस्थ बसेनात. मग ही जीप आणली आणि उरलेलं आयुष्य तिच्याखाली झोपून काढलं. आईला सवत आणली असती तर तिने कमी कटकट केली असती. आता कणकवलीचा माझा चुलतभाऊ ती काजूच्या बागेत चालवायला न्यायला तयार होता. अट एकच, घाट चढून गेली पाहिजे. नाहीतर चाळ कमिटी ती भंगारात देणार होती.

आणि बाबा... दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नजर छताला. डॉक्टर म्हणाले, यांना आजूबाजूचं किती कळतं ते सांगता येत नाही, बहुतेक काहीच नाही. डावा हात कधी कधी हलतो, पण तो झटका, त्यात अर्थ शोधू नका. दोन वर्षं त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं हे आई, बायको मानसी आणि मी करत होतो. खोटं कशाला बोलू, मी थकलो होतो. प्रेम वगैरे असतं, पण पहाटे पाच वाजता चादर बदलताना ते आठवावं लागतं.

आम्हाला भाड्याची जागा मिळाली ती लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. म्हणून ताईने, माझ्या मोठ्या बहिणीने, कर्जतकडचं एक सेवाकेंद्र शोधलं. अशा पेशंटना ते कायमचे ठेवून घेतात. फॉर्म आला, माझी सही व्हायची होती. शनिवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. मी बाबांच्या पलंगाच्या कडेवर बसूनच बोलत होतो.

ताई म्हणाली, "आईला काय सांगायचं रे?"

मी म्हटलं, "काय सांगायचं? त्यांना काय कळतंय, लालबाग काय नि कर्जत काय. ओंडका झालाय गं नुसता."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितोय, कारण ते मी बोललो होतो.

रविवारी पुढच्या अंगणात जीपखाली शिरलो. मागचे पाच रविवार त्यातच गेले होते. रोग असा, की गाडी झटकन स्टार्ट व्हायची, दहा मिनिटं गुरगुरायची आणि धापा टाकत बंद. म्हणजे डिझेलच्या लायनीत कुठूनतरी हवा शिरत होती. फिल्टर बदलला. पंपाचे वॉशर बदलले. लायनीतली हवा काढून काढून बोटांची सालं निघाली. दोन मेकॅनिक आणले, दोघांनी मान हलवून चहा पिऊन घेतला. टाकीपासून इंजिनापर्यंतचा पाइप डोळ्यांनी दहा वेळा तपासला, कुठे ओल नाही. मुळात बाबांना विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण बाबांना विचारायची सोय राहिली नव्हती.

आई वरती बाबांजवळ. मानसी हिंदमाताला ब्लाऊजपीस घ्यायला गेलेली. अंगणात फक्त तात्या, बाबांबरोबर मिलमध्ये असलेले आमचे शेजारी, गेटजवळ खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. मी चपला काढून, पुठ्ठा अंथरून पाठीवर खाली सरकलो. फक्त पावलं बाहेर. पाइपवर हात ठेवून टाकीकडून पुढे पुढे चाचपत निघालो.

तेवढ्यात उजव्या तळव्यावर एक ठोका पडला. बोटाच्या पेराने मारतात तसा.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. साचेखात्यात इतका आवाज असायचा की माणसं खुणांनी बोलायची. त्यात फिटर मागाखाली आडवा झाला की त्याला खुणाही दिसायच्या नाहीत. म्हणून वरचा माणूस त्याच्या तळव्यावर ठोके द्यायचा. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे बरोबर, तेच. तीन म्हणजे झालं, बाहेर ये. बाबांनी ही सवय घरी आणली. लहानपणी ते मला जीपखाली घालायचे आणि तोंडाने अक्षर न बोलता तळव्यावर ठोके द्यायचे. मला गुदगुल्या व्हायच्या, हसलो की चौथा ठोका जरा जोरात.

त्यामुळे मला भीतीबिती काही वाटली नाही. तात्या आलेत, एवढंच वाटलं. मी थांबलो, पाइप बघितला. काही नव्हतं. हात पुढे सरकवला.

परत एक ठोका. थांब.

"तात्या, बघितलं हो तिथे, काय नाय," मी खालूनच ओरडलो. हात मागे घेतला, पाइप जिथे चासीच्या आडव्या पट्टीमागे जातो तिथे. दोन ठोके. तेच.

त्या पट्टीच्या वरच्या बाजूला नजर पोचत नाही. मी बोटं वाकडी करून वर घातली तर बोटांना सूत लागलं. चक्क सूत. खरवडून काढलं तर आत जोड निघाला. कधीतरी पाइप फुटला असणार, बाबांनी तेवढा तुकडा कापून रबरी नळी घातली होती आणि क्लिप लावायच्या जागी मिलच्या सुताने गच्च आवळून वर रोगण फासलं होतं. मिलमध्ये हवेच्या पाइपला असंच करायचे म्हणे. पण डिझेलपुढे रोगण किती टिकणार? ते विरघळलं, सूत सैल पडलं आणि आतल्या नळीला चिरा गेल्या. वरून सगळं सुतात झाकलेलं, त्यामुळे कुणाला दिसलंच नाही. हा जोड जगात एका माणसाला माहीत होता.

बॅगेत नवी नळी होती, क्लिपा होत्या. अर्ध्या तासात बसवलं. शेवटचा स्क्रू आवळला आणि तळव्यावर तीन ठोके पडले, सावकाश. मी घसटत बाहेर आलो आणि लहानपणीसारखा मान वर करून बघितलं.

कोणी नव्हतं.

तात्या गेटजवळच होते, वीस पावलं लांब. मी विचारलं, "तात्या, तुम्ही आत्ता माझ्या पायाला हात लावलात?"

"खुळो झालंस काय रे?" तात्या पेपर न सोडता म्हणाले. "माझे गुडघे वाकतत खंय? सकाळपासून मी हयच बसलंय. तुझ्या पायाकडे कोण येवक नाय."

त्यांचे गुडघे वाकत नाहीत हे खरंच आहे. खाली पडलेला चष्माही त्यांना दुसऱ्याने उचलून द्यावा लागतो. मी गाडी स्टार्ट केली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. बंद पडली नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी इंजिन बंद केलं आणि सरळ जिन्याकडे निघालो.

वर गेलो तर आई दारातच म्हणाली, "बरा झाला आलास. बघ रे, ह्यांका पाणी हवा होता की काय कोण जाणे. डाव्या हातान पलंगाची दांडी वाजवीत होते."

"कधी?"

"मगाशी. एकदा वाजवलानी, थांबले. परत एकदा. मी पाणी घेऊन आलंय तर दोनदा. पाणी काय पिऊक नाय. मग भात लावलंय, कुकर उतरवलंय, तेव्हा तीनदा. मगे झोपले."

आई कधी मिलच्या आत गेलेली नाही. ठोक्यांचा अर्थ तिला ठाऊक नाही, मी आजही सांगितलेला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी बाबांचा डावा हात दांडीवर ठेवला. म्हटलं, "बाबा, कळत असेल तर एकदा वाजवा." हात घसरून चादरीवर पडला. रोज विचारतो. त्यानंतर आजपर्यंत एकदाही ठोका आलेला नाही. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले योगायोग, शिवाय तुमची झोप होत नाहीये. झोप होत नव्हती हे खरंच. तळव्यावरचं म्हणाल तर एखादी नस उडत असेल. पण नसेला तो जोड कुठे आहे ते कसं कळलं, याचं उत्तर ना डॉक्टरांकडे आहे, ना माझ्याकडे.

जीप घाट चढून कणकवलीला पोचली. फॉर्मवर मी सही केली नाही. ताई चिडली, मग रडली, मग आठवड्यातून दोन दिवस यायला लागली. बाबांना खुर्चीत बसवून चौघांनी चौथ्या मजल्यावर चढवलं. मी अजूनही थकलेलाच आहे, पहाटेची चादर अजूनही बदलावी लागते. फक्त आता ताईचा फोन आला की मी जिन्यात जाऊन बोलतो.

तुमच्यापैकी कोणाला काही वेगळं सुचत असेल तर जरूर सांगा, मला योगायोग मानायला खूप आवडेल. कारण योगायोग नसेल तर दोन वर्षं त्या खोलीत मी जे जे बोललो ते सगळं बाबांनी ऐकलंय. शनिवारचं ते वाक्यसुद्धा. ते ऐकून त्यांनी रात्र काढली, आणि सकाळी मला जोड दाखवला.