आधी व्हॉल्व्ह, मग माणूस

काल भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं: आकाशात जाणाऱ्या उपग्रहांच्या टाक्यांत इंधन भरायचं. ते इंधन विषारी. श्वासात गेलं तर फुफ्फुसं जाळतं. म्हणून एक माणूस सूट घालून आत टाकीजवळ, दुसरा काचेबाहेर व्हॉल्व्हच्या चाकाशी. बाहेर भावजी, आत शिट्टीभाऊ. सतत शिट्टीवर गाणी वाजवायचे म्हणून हे नाव. आता चार पावलं टाकली तरी धाप लागते, पण नाव काही सुटलं नाही.

काही वर्षांपूर्वी एकदा इंधन भरताना नळीचा सांधा निखळला आणि शिट्टीभाऊंचा सूट फाटला. नियम असा, की बाहेरच्याने आधी व्हॉल्व्ह बंद करायचा, मग आतल्याला ओढायचं. नाहीतर आतला जातोच, शेजारच्या खोल्यांतलेही जातात. भावजींनी तेच केलं. चौकशीत सगळ्यांनी पाठ थोपटली. त्यानंतर हा माणूस मान वर करून जेवलेला मला आठवत नाही.

शिट्टीभाऊ मागच्याच गल्लीत राहतात. त्यांचं ऑक्सिजनचं सिलिंडर भावजी सायकलला बांधून आणतात, जोडतात, कुठे गळत नाही ना ते कान लावून ऐकतात आणि निघतात. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, "तुमचे दीर आमच्याकडे देवळात आल्यासारखे येतात हो. चपला बाहेर, डोळे खाली. चहाचं नाव काढलं की पळाले!"

आमचा वाणी म्हणतो, सरकार आपल्या पैशाचे फटाके आभाळात उडवतंय. पूर्वी मीही मान डोलवायचे. पण माझं माहेर समुद्राकाठी. गेल्या वर्षीचं वादळ त्या अपघातातून वाचलेल्या उपग्रहानेच आधी हेरलं, म्हणून भाऊ, वहिनी, भाचरं वेळेवर उंचावरच्या शाळेत पोचली. घर गेलं, माणसं राहिली. आता वाण्यापुढे मान डोलत नाही. पण शिट्टीभाऊंच्या बायकोला तरी कोणत्या तोंडाने सांगू, की तुमच्या नवऱ्याच्या श्वासावर माझी भाचरं जगली?

निरोपाच्या दिवशी भावजींना 'प्रसंगावधाना'साठी मानपत्र द्यायचं ठरलं. काल सकाळी मी त्यांच्या शर्टाला इस्त्री करत होते.

"वहिनी, राहू द्या. मी जाणार नाही."

"एवढे आढेवेढे घ्यायला लग्नाला उभा राहतोयस का?" आमचे हे म्हणाले. भावजींनी लग्न केलंच नाही, म्हणून हा टोमणा घरात कायमचा.

इतक्यात दारात शिट्टीभाऊ. छोटं सिलिंडर हातात, भिंतीला धरून. बसले, दम घेतला.

"जायचं. आणि मलाही न्यायचं. काय काय सांगतात ते ऐकायचंय मला."

"काय सांगणार? तुला आत ठेवून चाक फिरवलं, हेच."

"ते फिरवायचंच होतं रे. मी असतो तर मीही फिरवलं असतं." पुन्हा दम घेतला. "पण तू आधी काचेतून माझ्याकडे पाहिलंस. पाहिलंस, आणि मग वळलास. तेवढं पाहायला नको होतंस, बाबा."

मी त्याच बाहीवरून इस्त्री फिरवत राहिले.

समारंभात मोठे साहेब बोलले. यांच्या प्रसंगावधानामुळे उपग्रह वाचला, पुढे त्या उपग्रहामुळे वादळात हजारो जीव वाचले. टाळ्या पडल्या. भाचरं डोळ्यांपुढे आली आणि माझेही हात वाजले. शेजारी शिट्टीभाऊंची बायको बसली होती. तिचे हात मांडीवर होते. मी माझे खाली घेतले.

भावजी माइकशी गेले. "साहेबांनी सांगितलं ते खरंच आहे. एक राहिलं. मी चाक फिरवलं तेव्हा माझा जोडीदार आत होता आणि मी त्याला पाहिलं होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. म्हणून हे मानपत्र मला भिंतीवर लावता येणार नाही." मानपत्र टेबलावर ठेवून ते खाली उतरले. टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना.

शिट्टीभाऊ माझ्याकडे वाकले. "बोलला एकदाचा! पण वहिनी, याचं ओझं उतरलं, आता उद्यापासून सिलिंडर कोण आणणार? तुम्ही?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. त्यांची बायको हसली नाही.

आज सकाळी सायकल नेहमीसारखी निघाली. थोड्या वेळाने शिट्टीभाऊंची बायको आमच्याकडे डोकावली. "आज चहाला थांबले. साखर कमी घाला म्हणाले, मी मुद्दाम दोन चमचे जास्त घातली. सगळा प्यायला लावला." तिचा आवाज कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही.

अपघाताच्या दिवशी भावजी धडधाकट घरी आले, तेव्हा मी देवापुढे दिवा लावून म्हणाले होते, "आमचा माणूस राखलास." शिट्टीभाऊंची आठवण मागाहून झाली. मला तर कुणी नियमही घालून दिला नव्हता. आज ठरवूनच बसले, आधी त्यांचं नाव घ्यायचं. दिवा लावला, हात जोडले, डोळे मिटले. जीभ सवयीने आधी आमच्याच घराकडे वळली.