मुंग्यांचा पूल

कासूजवळच्या वाडीत मधमाश्या पाळणारा तो माणूस मला एकदाच भेटला. नाव विचारायचंही मी विसरलो. मधपेटीचे चारही पाय त्याने पाणी भरलेल्या डब्यांत उभे केले होते. डबे जोहे गावच्या मूर्तिकारांचे, रंग संपलेले.

“मुंग्या वर चढल्या तर माश्या पेटी सोडून जातात, काका,” तो म्हणाला.

युक्तीला दाद देता देता मी माझी छत्री पेटीलाच टेकवली.

थोड्या वेळाने त्याने ती अलगद उचलली. मुंग्या छत्रीच्या निम्म्यावर पोचल्या होत्या.

“पूल बांधून दिलात व्हय?”

मग पेटीला कान लावून तो ऐकत राहिला.

“माश्या हायत आत. मी पण एकदा कुदळ टेकवलेली. ती पेटी रिकामी झाली.”

घरी पोचेपर्यंत मी छत्री कुठेच टेकवली नाही.