मी जयबुवाना नाही

पाक वालुयोंइतका, म्हणजे आमच्या वालुयोकाकांइतका, भिडस्त माणूस अख्ख्या कोटागेडे गावात सापडायचा नाही. पक्ष्यांचे पिंजरे करतात. गिऱ्हाइकानं अर्ध्या किमतीत मागितला तरी यांच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. हसतात, चहा पाजतात, काय ते गिऱ्हाइकानंच ओळखायचं. आम्हा जावा बेटावरच्या लोकांची रीतच तशी, पण रीतीलाही काही मर्यादा असते की नाही? यंत्राची कसली आलीय भीड? त्यांचा घरचा कॉम्प्युटर रोज विचारायचा, नवी प्रणाली घालू का? हे रोज ‘नंतर’ दाबायचे. शेवटी यांनाच ओशाळल्यासारखं झालं आणि ‘हो’ म्हणून बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दारात उभे. मी कचेरीत टायपिस्ट होते, त्यामुळे गल्लीतले सगळे बिघडलेले कॉम्प्युटर माझ्याच गळ्यात. 

“बु मुर्ती,” म्हणाले, बु म्हणजे बाई, “वार्सिनी गेली.”

 वार्सिनी म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन वर्ष झालं होतं, त्याच संध्याकाळी वर्षाचं जेवण होतं. या माणसाचं डोकं फिरलं की काय, असंच वाटलं मला.

वार्सिनी बालवाडीत गाणी शिकवायची. नवरा पिंजरे घेऊन पक्षीबाजारात गेला की घरात माइकपुढे बसून अंगाया, जुनी गाणी म्हणायची आणि कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायची. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. पाक वालुयोंनी वर्षभर तो ऐकला नव्हता, धीरच झाला नाही. आज दुवा मागून झाल्यावर सगळ्यांबरोबर ऐकायचा, असं ठरवून बसले होते. आणि आज यंत्र उघडावं तर आत काहीच नाही.

खरंच काही नव्हतं. निळा पडदा, कोपऱ्यात एक कचऱ्याची टोपली, बस. गाणी नाहीत, फोटो नाहीत. मी शोधून शोधून थकले. कशाला हो म्हणालात, एवढी वर्षं चाललं होतं ना सुरळीत, म्हणून त्यांना वाटेल तसं बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले, त्यानं मी आणखीच भडकले.

मग सहज डिस्क पाहिली आणि चाटच पडले. डिस्क जवळजवळ भरलेली. रिकाम्या घराची कोठी भरलेली कशी? म्हणजे गाणी आतच होती, दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर. मी नावांची यादी उघडली. एक वालुयो, कालच तयार झालेलं. आणि त्याच्याखाली दुसरं.

“जयबुवाना,” मी मोठ्यानं वाचलं. “आता हा कोण?”

पाक वालुयोंनी झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.  बायामाणसांसमोरून जाताना कमरेत वाकून जाणारा हा माणूस!

मग कुजबुजत सांगितलं. लहानपणी ते सतत आजारी. मोठी माणसं म्हणाली, राजाचं नाव ठेवलंत, पोराला त्याचा भार सोसेना. म्हणून नाव बदललं. वालुयो म्हणजे बरा झालेला. तांबडी-पांढरी खीर वाटली, जुनं नाव टाकून दिलं. ते पुन्हा उच्चारलं तर दुखणं परत येतं. आई गेल्यावर ते नाव जगात कुणालाच ठाऊक नाही, असं धरून ते म्हातारे झाले. आणि काल नवी प्रणाली चढल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली, ‘पुन्हा स्वागत, जयबुवाना’. खाली बारीक अक्षरांत, ‘मी जयबुवाना नाही’.

“मी तेच दाबलं,” म्हणाले.

जन्मात कधी कुणाला नाही न म्हणणारा माणूस, म्हणाला तेही कुठे! यंत्रानं त्यांचा शब्द खरा मानला आणि नवं, रिकामं घर काढून दिलं.

“पण यंत्राला हे नाव सांगितलं कुणी?” मी विचारलं.

विचारलं आणि मलाच कळलं. कॉम्प्युटर आणला तेव्हा सगळं वार्सिनीनं भरलं होतं. सासूनं तिच्या कानावर घातलं असणार. सगळा संसार झाला, पण बाई नवऱ्यापाशी एका शब्दानं बोलली नाही. 

आता त्या नावावर एकदा दाबलं की काम झालं. हे दाबेनात. मी दाबते म्हटलं, तर म्हणे नको, दुखणं तुमच्या मागे लागेल. माझं डोकं असं तापलं! मग नाव बदलताना वाटलेली ती खीर आठवली. स्वयंपाकघरात गेले, तांदूळ शिजवले, अर्ध्या खिरीत ताडगूळ घातला. तांबडी एक वाटी, पांढरी एक वाटी, दोन्ही पडद्यासमोर ठेवल्या.

“घ्या. नावाचा मान झाला. आता दाबा.”

त्यांनी डोळे मिटून दाबलं. उघडले तेव्हा पडद्यावर वार्सिनी हसत होती आणि शेजारी गाण्यांची रांग. त्यांनी पहिलंच गाणं लावलं. तिचा खोकला, खुर्ची सरकल्याचा आवाज, मग तो गोड गळा. मला रडू आवरेना. गाणं संपलं, तरी रेकॉर्डिंग चालूच होतं. पोराला थोपटावं तशा हलक्या आवाजात ती म्हणाली, “जयबुवाना, बरा राहा हं.”

मी लगेच दुसरं गाणं लावलं, शेवटी तेच. तिसऱ्यालाही तेच. ज्या नावाला हा माणूस आयुष्यभर भ्यायला, तेच नाव घेऊन ती त्याच्या माघारी रोज त्याचं आयुष्य मागत होती.

बाहेर शेजारी चटया अंथरत होते. पाक वालुयो पडद्याकडे एकटक बघत राहिले. चौथं गाणं संपलं, तिनं पुन्हा हाक मारली, आणि ते खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाले, “ओ.”